आप्पांचं रविवारचं दुःख

दर रविवारी सकाळचा चहा झाला की आप्पा दुःखी होत. दुःख फार वेळ टिकत नसे. वृद्धाश्रमाच्या ऑफिसात फोन एकच होता आणि मागे दुःखी व्हायला आलेली आणखी माणसं रांगेत उभी असत. मिळालेल्या वेळात आप्पा मुलाला सांगत, की गादी दगडासारखी आहे, सूप म्हणजे नुसतं कढत पाणी आहे, गुडघे वाकत नाहीत आणि बोलायला माणूस नाही. मग फोन ठेवून, घसा साफ करून, मागच्या माणसाला "या, आज लाइन स्वच्छ आहे" असं सांगून ते दोन-दोन पायऱ्या गाळत वरच्या गॅलरीत जात.

हा नेम त्यांनी काही हौसेनं लावून घेतला नव्हता. घरी मुलगा आणि सून दोघंही नोकरीला. दिवसभर आप्पा फ्रिजशी बोलत. फ्रिज मधूनमधून हुंकार द्यायचा, पण संभाषण म्हणावं असं काही व्हायचं नाही. शेवटी त्यांनी आपण होऊन वृद्धाश्रमाचा हट्ट धरला, आणि आल्यावर पहिल्याच रविवारी सरळ मनानं सांगून टाकलं, की मी मजेत आहे, गादी मऊ आहे, माणसं झकास आहेत. ते ऐकून सूनबाईनं फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. तिकडे गेल्याबरोबर मजेत, म्हणजे इकडे आपण छळत होतो की काय? पुढचा आठवडाभर त्या घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. आप्पा शहाणे माणूस. आयुष्यभर बस चालवलेली. आपल्या एका धक्क्यानं मागे किती माणसं पडतात हे त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या रविवारी त्यांनी गादीला नावं ठेवली, आणि घरात पुन्हा हसणं-बोलणं सुरू झालं.

इथल्या बहुतेकांची गत तीच होती. त्यामुळे या कामात वकीलसाहेबांचा सल्ला घ्यायची पद्धत पडली होती. वकीलसाहेबांना कमी ऐकू येई, पण त्यांच्या व्यवसायात त्यानं कधी काही अडलं नव्हतं. ते सांगत, की एकच तक्रार लागोपाठ दोन रविवार करू नये, पक्ष कमकुवत होतो. आणि जेवणाला नावं ठेवण्याआधी एखाद्या पदार्थाचं कौतुक करावं, म्हणजे साक्ष विश्वासार्ह वाटते.

एका रविवारी मात्र आप्पांचा तोल गेला. रांगेत त्यांच्या मागे शिंपीणकाकू उभ्या होत्या. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवलेल्या या बाईंना कुठल्याही गोष्टीत जरा जास्तीचं कापड लागलेलं आवडे. त्या कान देऊन ऐकताहेत हे पाहिल्यावर आप्पांना राहवलं नाही. नेहमीची तक्रार संपवून ते आवाज खाली आणून म्हणाले, "आणि रात्री कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून उशीत तोंड खुपसतो रे."

शिंपीणकाकूंनी डोळे पुसले. तिकडे फोनवर मुलगा मात्र घोगऱ्या आवाजात म्हणाला, "बास आप्पा. गुरुवारी येतो तुम्हाला न्यायला. तुमची खोली रिकामी करतोय."

आप्पांनी फोन ठेवला. त्या दिवशी त्यांनी एकही पायरी गाळली नाही.

घरी जायचं दुःख एक वेळ त्यांनी गिळलं असतं, पण गॅलरी सोडायची होती. गॅलरीच्या बरोबर खाली एका ड्रायव्हिंग स्कूलचं मैदान होतं. तिथं रोज सकाळी शिकाऊ मंडळी गाडी पुढे नेत, मागे घेत, मध्येच बंद पाडत, आणि वर कठड्याला रेलून अख्खा वृद्धाश्रम चहा पीत त्यांना मार्क देई. प्रत्येकानं एकेक शिकाऊ दत्तक घेतला होता. कोण पिंपाला धडकणार, कोण चढावर मागे घसरणार यावर बिस्किटांच्या पैजा लागत. आप्पा अर्थातच मुख्य परीक्षक. कठड्यालगतची कोपऱ्यातली खुर्ची त्यांची.

त्यांनी दत्तक घेतला होता पिवळा स्कार्फ. ही बाई आधी दोनदा नापास झालेली. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायची वेळ आली की तिचे हातपाय गळत. एकदा अशीच गाडी बंद पडल्यावर तिनं हताश होऊन वर पाहिलं, तर कोपऱ्यातला एक म्हातारा तळहात हळूहळू उचलून दाखवत होता: क्लच असा सोड, असा, घाई नको. तिनं तसं केलं आणि गाडी उचलली. तेव्हापासून ती चढावर आली की आधी वर बघे, आणि आप्पांचा तळहात दिसला की गाडी हलवी. दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते. तिची परीक्षा होती गुरुवारी.

आता मुलाला खरं सांगावं, तर सूनबाई पुन्हा भांडी घासणार. न सांगावं, तर बॅग भरावी लागणार. वकीलसाहेबांनी कपाळावर बोट ठेवून विचार केला आणि तोडगा काढला. आधीचा जबाब मागे घ्यायचा नाही. परिस्थिती गेल्या चार दिवसांत सुधारली असं दाखवायचं. मुलगा आला की सगळ्यांनी आनंदी दिसायचं, बस्स. एरवी कुणाचे नातेवाईक आले की इथले लोक शिष्टाचार म्हणून चेहरे पाडत असत, तेव्हा आनंदी दिसण्याचा सराव कुणालाच नव्हता. शिंपीणकाकूंनी तीन दिवस तालीम घेतली. आश्रम चालवणाऱ्या मेट्रनबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. या लोकांना एवढं हसू कशाचं येतंय म्हणून त्यांनी डॉक्टरांना बोलावण्याचाही विचार केला.

गुरुवारी सकाळी मुलाची गाडी फाटकातून आत आली. मुलाच्या शेजारी विहीणबाई बसल्या होत्या.

सुनेची आई म्हणजे जन्मभर शाळातपासनीस. सहा महिन्यांपूर्वी त्या लेकीकडे राहायला आल्या होत्या, आप्पांच्याच रिकाम्या खोलीत. आप्पांचं आणि त्यांचं सूत कधी जमलं नाही. त्या 'व्याही' म्हणाल्या की त्या शब्दाखाली लाल शाईची रेघ मारल्यासारखी वाटे. उशीचा किस्सा ऐकून त्यांनी जावयाला बजावलं होतं, की नुसतं घेऊन यायचं नाही, ही संस्था तपासायची.

दारात अकरा म्हातारे ओळीनं उभे होते आणि सगळे हसत होते. दात असलेले दात दाखवून, नसलेले तसेच. पहिल्यानं म्हटलं, "इथं फार छान आहे हो." दुसऱ्यानं म्हटलं, "इथं फार छान आहे हो." तिसऱ्या वकीलसाहेबांना आधीचे दोघं काय म्हणाले ते ऐकू आलं नव्हतं, तेव्हा त्यांनी खणखणीत आवाजात तेच म्हटलं.

विहीणबाई थांबल्या. त्यांनी ओळीवरून एकदा नजर फिरवली.

"पढवलेत," त्या जावयाला म्हणाल्या. "साडेतीनशे शाळा तपासल्यात मी. ज्या शाळेत मुलं दारातच हसतात, तिथले मास्तर मारकुटे असतात."

तिथून जे सुरू झालं, ते आवरणं आप्पांच्या हातात राहिलं नाही. विहीणबाईंनी गादी दाबून पाहिली. गादी मऊ निघाली. दगडासारखी होती म्हणता ना, मग आज आपण येणार म्हणून बदलली. सूप मागवून चाखलं, ते चवदार निघालं. आज मुद्दाम केलेलं दिसतंय. खिडक्या स्वच्छ निघाल्या, औषधं वेळेवर निघाली, आणि प्रत्येक चांगल्या गोष्टीगणिक मुलाचा चेहरा जास्त जास्त उतरत गेला. आप्पांनी मध्येच म्हणून पाहिलं, की अहो, हे रोजच असं असतं. त्यावर विहीणबाईंनी मुलाकडे वळून, आप्पांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात सांगितलं, "घाबरलेत. मालकीण जवळ उभी आहे ना."

मालकीण म्हणजे मेट्रनबाई खरोखरच जवळ उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, की नेमकी तक्रार तरी काय आहे. मुलगा मुळातला सज्जन, पण चार रात्री झोपला नव्हता. त्यानं एका दमात सगळं म्हणून दाखवलं: दगडाची गादी, कढत पाण्याचं सूप, बोलायला माणूस नाही, आणि शेवटी उशी.

मेट्रनबाईंचा चेहरा पांढरा पडला. आप्पांना सकाळी चहा कडक लागतो म्हणून या बाई स्वतः वेगळं आधण ठेवत. त्यांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी चपलांकडे पाहिलं.

"उशीत तोंड खुपसून?" मेट्रनबाईंनी विचारलं.

खरं बोलावं तर मुलासमोर खोटे ठरणार, खोटं रेटावं तर या बाईसमोर कृतघ्न. बसला दोन्हीकडून ट्रक आला की आप्पा ब्रेक दाबून उभे राहत असत. तसेच आत्ताही उभे राहिले.

"मग न्या त्यांना," मेट्रनबाई म्हणाल्या. "इतकं दुःख देऊन मला कुणाला ठेवायचं नाही. बॅग मीच भरते." आणि खरोखरच त्यांनी बॅग भरली. स्वेटरची घडी मात्र त्यांनी दोनदा मोडून पुन्हा घातली, हे फक्त आप्पांना दिसलं.

तर अशा रीतीनं सगळ्यांच्या आनंदी चेहऱ्यांमुळे आप्पांची आश्रमातून हकालपट्टी पक्की झाली. मुलानं बॅग उचलली. बाकीची मंडळी अजून हसत होती, कारण थांबा असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. फक्त शिंपीणकाकू हसता हसता रडत होत्या आणि त्यामुळे प्रकरण आणखीच भेसूर दिसत होतं.

एवढ्यात बाहेर मैदानावर शिट्टी वाजली. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि अडखळून, उचकी लागल्यासारखी ती बंद पडल्याचाही.

आप्पांनी मान वर केली. त्या उचकीला ते हजार उचक्यांत ओळखत.

"चढावर आहे," ते म्हणाले. "वर बघत असेल."

आणि ज्यांचे गुडघे दोन वर्षं वाकले नव्हते, ते आप्पा जिना चढत सुटले. त्यांच्यामागे वकीलसाहेब, शिंपीणकाकू आणि सगळी हसरी रांग. पायऱ्यांवर काठ्यांचा असा कडकडाट झाला, की खालचा स्वयंपाकी बाहेर येऊन पाहू लागला. हसायचं आता कुणाच्या लक्षात नव्हतं. सगळ्यात मागे, पण झपाझप, मेट्रनबाई. त्यांचीही पिवळ्या स्कार्फवर बिस्किटं लागली होती.

मुलगा हातात बॅग घेऊन गॅलरीच्या दारात पोहोचला, तेव्हा आप्पा कठड्यावरून निम्मे बाहेर झुकले होते. खाली चढावर छोटी गाडी उभी होती. शेजारी परीक्षा घेणारे साहेब खिडकीबाहेर बघत बोटांनी दार वाजवत होते. एकदा बंद पडली होती. आता आणखी एकदा पडली की खेळ खलास. पिवळा स्कार्फ कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे टक लावून बसला होता.

मग तिला आप्पा दिसले. आप्पांनी तळहात पुढे केला आणि हळूहळू उचलायला सुरुवात केली.

"व्याही," मागून विहीणबाईंचा आवाज आला, "ही कॉपी आहे."

"आहे," आप्पा मान न वळवता म्हणाले.

विहीणबाई कठड्यापाशी आल्या. त्यांनी खाली पाहिलं. परीक्षेला बसलेल्या माणसाची मान पाठीमागून पाहून तो पास की नापास हे ओळखण्यात त्यांची हयात गेली होती.

"पाय थरथरतोय तिचा. क्लच काय डोंबल सोडेल? आधी श्वास घ्यायला सांगा."

"मी तीन महिने शिकवतोय तिला. दोनदा नापास झालीये बिचारी."

"म्हणूनच दोनदा नापास झाली. सरका."

आणि जन्मभर मुलांच्या बाह्यांतून चिठ्ठ्या काढलेल्या विहीणबाईंनी डाव्या-उजव्या बाजूला पाहिलं, पर्समधला पांढरा रुमाल काढला, दोन्ही हात छातीशी नेऊन मोठा श्वास घेतला आणि रुमाल खाली सोडत तो बाहेर टाकला. पुन्हा घेतला, पुन्हा टाकला. खाली पिवळ्या स्कार्फचे खांदे वर गेले आणि खाली आले. विहीणबाईंनी कोपरानं आप्पांना ढोसलं, "आता. तुमचा हात."

आप्पांचा तळहात उचलला गेला. गाडी थरथरली, किंचित मागे आली, सगळ्या गॅलरीचा श्वास अडकला, आणि मग ती एखाद्या शहाण्या मांजरीसारखी चढ चढून वर गेली.

गाडी उलटी घ्यायची बाकी होती. दोन पिंपांच्या मधून गाडी मागे येऊ लागली तेव्हा विहीणबाई म्हणाल्या डावं पिंप जाणार, आप्पा म्हणाले जाणार नाही. त्या म्हणाल्या दोन बिस्किटं, ते म्हणाले पुडा. पिंप हललं, डुललं, आणि पडलं नाही. ते स्पर्श म्हणून धरायचं की नाही यावर दोघांचा आवाज असा चढला, की खाली साहेबांनी गाडीतून उतरून वर पाहिलं. पण तोवर त्यांनी पिवळ्या स्कार्फशी हात मिळवला होता. ती मैदानाच्या मधोमध उभी राहिली, गळ्यातला स्कार्फ काढला आणि डोक्यावर गरागरा फिरवला.

गॅलरीत जो गोंधळ माजला त्याला सीमा नव्हती. वकीलसाहेब निकाल काय लागला म्हणून विचारत होते आणि तो न कळताच नाचत होते. शिंपीणकाकूंनी मेट्रनबाईंना मिठी मारली. आप्पांचा चेहरा असा फुलला होता, की मुलानं तो आजवर फक्त एका जुन्या फोटोत पाहिला होता. नवी कोरी बस ताब्यात घेतली त्या दिवशीच्या.

मुलानं बॅग खाली ठेवली.

"आप्पा, गुडघे?"

"आत्ताच सुटले," आप्पा म्हणाले, आणि मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी मुलाला बाजूला घेतलं आणि सगळं सांगून टाकलं: पहिला रविवार, घासलेली भांडी, वकीलसाहेबांचा सल्ला, शिंपीणकाकूंसाठी लावलेलं जास्तीचं कापड. मग सगळ्यांसमोर मेट्रनबाईंची माफी मागितली. मेट्रनबाई बॅग उचलून आप्पांच्या खोलीकडे गेल्या.

मुलाला हसावं की रडावं कळेना. "पण आता घरी तिला काय सांगू? खोली रिकामी करून पडदेसुद्धा बदललेत तिनं. आईंना हॉलमध्ये सोफ्यावर हलवलंय."

विहीणबाई बिस्किटाचा पुडा फोडत होत्या. पुडा त्या हरल्या होत्या, पण स्पर्शाचा मुद्दा मान्य नसल्यामुळे फोडला त्यांनीच.

"सोफा नको मला," त्या म्हणाल्या. "इथली एखादी खाट रिकामी आहे का विचारा."

"अहो आई, तुम्ही तर घरी आनंदात आहात."

"सहा महिने रोज सकाळी दारात उभी राहून तुम्हाला दोघांना हसून निरोप देते, त्याला आनंद म्हणताय का?" विहीणबाईंनी बिस्किटाचा तुकडा मोडला. "पढवलेलं हसू मला दारातूनच कसं ओळखू आलं, असं वाटतं तुम्हाला?"

खाट रिकामी होती.

पुढचे दोन दिवस आप्पांना जन्मठेपेसारखे गेले. विहीणबाईंनी मार्क द्यायची पद्धत बदलली; चुकीला आता मार्क कापले जाऊ लागले. वकीलसाहेबांचा शिकाऊ शून्याच्याही खाली गेला. गॅलरीत वेळेवर न येणाऱ्याला त्या उभं करत. आणि पहिल्याच दिवशी, उजेड बरा येतो म्हणून, त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

रविवार उजाडला. मुलानं घरी नेमकं काय सांगितलं होतं कोण जाणे, पण फोनवर सूनबाईच आली, आणि तिचा आवाज धुतलेल्या भांड्यांच्या दिशेनं निघालेला होता. आई माझ्याकडे सुखी नव्हती का, तिकडे फार मजेत आहे का, असं तिनं विचारलं. रांगेत वकीलसाहेब हातवारे करून सुचवत होते, की गादी, गादीवर घ्या. पण आप्पांकडे आज बनवलेलं काही नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांना खरोखर सांगण्यासारखं दुःख होतं.

"मजेत कसली," ते म्हणाले. "भांडते दिवसभर. सकाळी चहाला बसल्यापासून भांडते. माझी खुर्ची घेतली, वकीलसाहेबांना काल कोपऱ्यात उभं केलं. पिंपाला स्पर्श झाला की नाही यावर अजून वाद चाललाय, गुरुवारपासून. जेवताना भांडते, झोपायला जाताना दारात थांबून भांडते. माझं डोकं उठवलंय गं तुझ्या आईनं."



"भांडते?" सूनबाईनं हळूच विचारलं. "खरंच, आप्पा?"

"मी कशाला खोटं बोलू?"

"इथं सहा महिन्यांत एकदाही भांडली नाही हो ती माझ्याशी," सूनबाई म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता, पण त्यात कुठेतरी हसू फुटत होतं. "बाबा होते तेव्हा त्यांच्याशी रोज भांडायची. मला वाटलं, थकली." मग नाक ओढून ती म्हणाली, "राहू द्या तिला तिकडेच. तुम्हाला फार त्रास होतोय का?"

"फार," आप्पा म्हणाले, आणि त्यांना पुढे आणखीही पुष्कळ सांगायचं होतं. पण वरून गॅलरीतून विहीणबाईंची हाक आली, की व्याही, नवी तुकडी आलीये, लाल टोपीवाला माझा. लाल टोपीवाला काल नाव नोंदवायला आला, तेव्हापासून आप्पांचा त्याच्यावर डोळा होता. फोन मागच्या माणसाच्या हातात कोंबून, लाइन कशी आहे हेही न सांगता, ते जिन्याकडे धावले.